आबांनी बांधाला पाडलेली सहा भोकं

आमच्या हिर्डोशीच्या घरात विमान ही काही नवलाची वस्तू नव्हती. गावात एसटी दिवसातून एकदा यायची, पावसाळ्यात घाटाकडे दरड आली की तीही नाही. पण विमानाची गोष्ट आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी व्हायचीच. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तरुणपणी पलटणीत होते आणि मोठ्या लढाईत थेट ब्रह्मदेशात जाऊन आले होते. तिथं त्यांच्या पोटरीतून गोळी आरपार गेली, म्हणून इतर जखमींबरोबर त्यांना एका मालवाहू विमानात घालून परत आणलं. त्या विमानाच्या अंगालाही गोळ्या लागलेल्या. "इतकी भोकं व्हती," आबा सांगायचे, "का आत बसून भाईर ऊन हाय का पाऊस ह्ये सांगावं." भोकांतून वारा शिट्ट्या घालायचा. एका भोकात आबांनी चिंधीचा बोळा कोंबला, तर शेजारचा शिपाई म्हणाला, काढ तो, मला त्यातनं नदी दिसत होती. इथं आबा खदखदून हसायचे. ऐकणारा नवा असला तर तोही हसायचा. माझी आई चुलीपुढं बसल्या बसल्या, पाठ न वळवता विचारायची, "काडला का बोळा?" आणि आबा म्हणायचे, "काडला की." मग जेवायला वाढलं जायचं.

घर म्हणजे पुढं पडवी, मागं चूल आणि एका अंगाला गोठा. पावसाळ्यात या तिन्हीत फारसा फरक राहायचा नाही. म्हशीचा वास चुलीपाशी यायचा, चुलीचा धूर गोठ्यात जायचा आणि ओल्या घोंगड्या सगळ्यांना मिळून वाळत घातलेल्या असायच्या. सकाळी नाचणीची भाकरी आणि रात्रीच्या कालवणाचं उरलेलं, दुपारी तांदळाच्या कण्या, संध्याकाळी बांधावरची कुर्डूची भाजी नाहीतर सुकट. पुढं आयुष्यभर मी निरनिराळ्या देशांतलं जेवले, आणि खोटं कशाला बोलू, आवडीनं जेवले. पण पावसात भिजून आल्यावर आईनं तव्यावरची भाकरी थेट हातावर द्यायची, तो चटका मला दुसरीकडं कुठं मिळाला नाही.

मागच्या दारातून आमचं भाताचं मोठं खाचर दिसायचं. वरच्या कोपऱ्यातून ओढ्याचा पाट त्यात पडायचा, आणि खालच्या बांधात बसवलेल्या एका सपाट दगडावरून जास्तीचं पाणी पुढच्या खाचरात उतरायचं. त्या दगडाला आम्ही सांडवा म्हणायचो. त्याचा आवाज घरात रात्रंदिवस असायचा. आबा पडवीत पडून तो ऐकायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, पाटात पाला अडकलाय, जा, काढून ये. गेलं तर पाला अडकलेला असायचाच. आता आमच्या शिवाराच्या खालच्या अंगाला धरणाचं पाणी येऊन थांबलंय, आणि गावी गेले की मला त्या गप्प पाण्यापाशी उभं राहवत नाही.

त्या वर्षी मी पुण्याहून लावणीसाठी घरी आले होते. नर्सिंगचं शिक्षण पुरं करून मी पुण्यातच एका दवाखान्यात नोकरीला लागले होते, आणि तिथून मला आखातातल्या एका मोठ्या इस्पितळात बोलावणं आलं होतं. राहायला खोली, जेवण, आणि जाण्याचं विमानाचं तिकीट त्यांचं. फक्त ठरल्या दिवशी तिथं हजर व्हायचं. नाही झालं तर ती जागा दुसरीला जाणार, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. बुद्धवाड्यातली पोरगी परदेशी जाणार म्हणून गावात चर्चा झाली, आणि ती चर्चा मुख्यत्वे आबांनी स्वतःच घरोघर जाऊन केली. "आमची हौसा इमानानं जानार," ते सांगायचे. ऐकणाऱ्यानं फारसं तोंड वासलं नाही तर पुन्हा सांगायचे. मी बावीस वर्षांची होते आणि मला त्यांची थोडी लाज वाटायची. अभिमानही वाटायचा, पण त्या वयात तो कबूल करवत नाही.

सगळं बिघडवलं ते मामानं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो एसटीत कंडक्टर होता, भोर-महाड गाडीवर, आणि रजेच्या दिवशी आमच्याकडं यायचा. येताना सुकट आणायचा. सुकट ज्या वर्तमानपत्रात बांधलेली असायची, ते उलगडून, झटकून, तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा, आणि मग ती बातमी आजच घडल्यासारखी आम्हाला सांगायचा. त्या दिवशीच्या कागदात कुठल्याशा देशातली बातमी होती. कुणीतरी पिस्तूल घेऊन विमानात शिरला होता आणि त्यानं ते विमान भलतीकडंच न्यायला लावलं होतं. गोळी सुटली नाही, पण सुटली असती तर काय झालं असतं, याबद्दल खाली कुणीतरी लिहिलं होतं.

"येवडंसं भोक पडलं दाजी," मामानं करंगळीचं नख दाखवलं, "तरी आतली हवा सूं करून भाईर. आन हवंसंगं मानसं."

"काय बी सांगू नगंस," आबा म्हणाले. "म्या बसलोय की भोकं पडलेल्या इमानात."

"त्ये जुनं इमान. त्येची आतली हवा आन भाईरची हवा एकच. ह्यी नवी इमानं लई उंच जात्यात. तितं वर हवाच न्हाई, म्हून आत हवा दाबून भरत्यात."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "खरं का गं, हौशे?"

खरंच होतं. मी हो म्हणाले. वर हवा विरळ असते, माणसाला श्वास घेता यावा म्हणून आत दाब ठेवतात, असं सगळं नीट समजावून सांगितलं. आबा ऐकत होते, आणि माझ्या प्रत्येक वाक्यासरशी त्यांचा चेहरा उतरत होता.

"म्हंजी टूब," ते म्हणाले.

"बराबर!" मामा म्हणाला. मग वरंधा घाटात गाडीचं टायर कसं फुटलं, केवढा आवाज झाला, एका बाईच्या मांडीवरची कोंबडी खिडकीतून कशी गेली, हे त्यानं सांगितलं. ती कोंबडी दार उघडल्यावर आपल्या पायांनी गेली होती, असं तो स्वतःच आदल्या खेपेला म्हणाला होता. पण ते आता कुणाला आठवायचं नव्हतं. पुढं त्या लेखात काय लिहिलंय ते मी विचारलं. पुढचा तुकडा सुकटीच्या पाण्यानं भिजून चुलीत गेला होता.

आबांनी निकाल देऊन टाकला. "पोरीनं जायाचं. पन इमानानं न्हाई. बोटीनं जायाचं."

बोटीला किती दिवस लागतात, तिकीट कुणी काढायचं, तोवर जागा राहते का, हे सगळं मी बोलून पाहिलं. आबा चिडले नाहीत. चिडले असते तर मला भांडता तरी आलं असतं. ते "खा गं, जेव आदी," म्हणायचे आणि माझ्या ताटात आणखी सुकट वाढायचे. नकार तसाच. मी रागानं न जेवता उठले आणि पाऊस पडत असताना पाणी भरायला गेले, हंडा भरून आणला, आणि पुन्हा भूक लागली म्हणून बसून जेवले.  आईनं फक्त भाकरी गरम करून दिली.

माझ्या बाजूनं बोलणारा एकच साक्षीदार होता, आणि तो पुण्यात होता. दवाखान्यात आमच्याकडं एक पेशंट पाय मोडून पडला होता. विमानतळावर विमानं उडायच्या आधी तपासायची, हे त्याचं काम. मी त्याला खूप काही विचारून घेतलं होतं. तो म्हणाला होता, सिस्टर, विमान फुग्यासारखं भरून तोंड बांधलेलं नसतं. इंजिनाकडून हवा सारखी आत येत असते आणि मागच्या बाजूच्या एका झडपेतून सारखी बाहेर जात असते. गोळीचं भोक पडलं तर झडप थोडी मिटते, बस. हे मी आबांना शब्दन् शब्द सांगितलं.

"त्येचा पाय कशानं मोडला?" आबांनी विचारलं.

"सायकलवरून पडले ते."

"बग," आबा म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

आठवडा असा गेला. लावणी जोरात होती. आम्ही दिवसभर वाकून रोपं लावायचो, आणि खरं सांगायचं तर त्या भांडणातही ते दिवस सुखाचे होते. पाण्यात पाय, पाठीवर इरलं, इरल्यावर पाऊस, शेजारी आई काहीतरी गुणगुणतेय. मनातल्या मनात मी दर थोड्या वेळानं आबांना एक नवं उत्तर द्यायचे, आणि हातानं रोप लावून पुढं सरकायचे.

आमच्याकडं लावणीच्या दिवसांत सकाळचं पहिलं काम म्हणजे बांधाची फेरी. खेकडे बांधाला बिळं पाडतात. रात्रीतून एखादं बीळ आरपार गेलं की तिथून पाणी वाहायला लागतं. ते हुडकायचं, आणि चिकणमाती गवतासकट पायानं दाबून बुजवायचं. एका सकाळी आबा पुढं आणि मी मागं चाललो होतो. मोठ्या खाचराच्या बांधाला मनगटाएवढं एक बीळ सापडलं. पाणी चांगलं जोरात बाहेर पडत होतं. रात्रभर पडत असणार. मी सहज खाचराकडं पाहिलं. पाणी काल संध्याकाळी होतं तिथंच, रोपांचे शेंडे तेवढेच वर.

"आबा, एवढं वाहून पाणी उतरलं कसं नाही?"

"उतरंल कसं? पाट चालू हाय. सांडव्यावरनं जायाचं त्ये हितनं गेलं." ते मातीचा गोळा हातात घेऊन वाकले होते. वाकलेलेच राहिले. मग हळूच सरळ झाले आणि सांडव्याकडं कान देऊन उभे राहिले. "आवाज बारीक झालाय बग. म्हून म्या सकाळी म्हनलं, पाटात पाला अडाकला."

 मला कळलं होतं, पण या वेळी मी बोलायचं नाही, एवढी अक्कल मला आली होती.

"त्यो तुजा पाय मोडका काय म्हनला व्हता? हवा येती सारकी आत?"

"हो."

"आन मागनं सांडवा."

"झडप म्हणाले ते. सांडवाच."

आबांनी मातीचा गोळा पाण्यात टाकून दिला. "पहार आन," ते म्हणाले.

स्वतःच्या भरल्या खाचराच्या बांधाला पहारीनं भोक पाडणारा माणूस मावळात त्याआधी झाला नसेल. खेकड्याचं बीळ त्यांनी आधी बुजवलं, सांडव्याचा आवाज पुन्हा जाड होऊ दिला, आणि मग पहिलं भोक पाडलं. पिस्तुलात सहा गोळ्या असतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, म्हणून सहा पाडायची ठरली. दुसरं, तिसरं. सांडव्याची धार बारीक होत गेली आणि रोपांचे शेंडे होते तिथंच. आबा बांधावर उकिडवे बसून शेंड्यांकडं बघायचे, मग सांडव्याकडं, मग माझ्याकडं. आई रोपांच्या जुड्या घेऊन आली, आमच्याकडं बघितलं आणि जुड्या खाली ठेवून निघून गेली. पाचव्या भोकाला सांडवा नुसता ठिबकायला लागला. खाचर भरलेलं.

"पाच गोळ्या खाल्ल्या गं!" आबा ओरडले. इतके खूश झालेले मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं. पन्नाशीचा माणूस, गुडघ्याएवढ्या चिखलात, हातात पहार, आणि तोंडभर हसू.

सहाव्या भोकाला जागा हुडकावी लागली. बाकीच्या बांधाच्या पोटात दगड रचलेले होते, पहार आत जाईना. एका ठिकाणी मात्र मागच्या वर्षी बांध थोडा खचला होता आणि तिथं नुसती माती टाकून डागडुजी केली होती. तिथं पहार लोण्यात सुरी जावी तशी गेली. आबांनी ती बाहेर ओढली. क्षणभर नुसती धार आली. मग भोकाच्या वर एक रेघ उमटली, ती वाकडी होत बाजूला पळाली, आणि बैलगाडी मावेल एवढा बांधाचा तुकडा आबांच्या पायाशी बसला आणि खाली गेला. पाणी, चिखल, आम्ही कंबर मोडून लावलेली रोपं, सगळं शंकरतात्यांच्या खाचरात.

शंकरतात्या खालच्या खाचराचे मालक. आबांपेक्षा वयानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. ते तेव्हा आपल्याच लावणीत वाकलेले होते. इरल्यासकट उभे राहिले आणि त्यांनी वर पाहिलं.

"आरं सखा! हातात पहार! सोताच्या हातानं बांध फोडतूस व्हय रं?"

"इमान बगत व्हतो, तात्या," आबा म्हणाले.

तात्या चढून वर आले. त्यांना आबांची तब्येत बिघडल्याची शंका आली असावी, कारण आल्या आल्या त्यांनी आबांच्या कपाळाला हात लावून पाहिला. आबांना त्याचं भान नव्हतं. ते फुटलेल्या बांधाच्या कडेला बसून उघड्या पडलेल्या मातीवर बोट फिरवत होते. तिथं काळपट अशी एक पट्टी होती, मुळ्यांनी भरलेली, वरपासून खालपर्यंत.

"हौशे, हितं ये. ही चीर बग. ही आजची न्हाई. भोकानं न्हाई गेला बांध, ह्या चिरेनं गेला. भोक पाडलं नसतं तरी पोळ्यापातूर गेलाच असता." मग ते माझ्याकडं वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं होतं. "इमानाचा बांध कोन बगतं?"

"आबा, तेच तर त्या पेशंटचं काम. विमान उतरलं की सगळ्या अंगानं फिरून बघायचं. पत्र्याला कुठं चीर आहे का, कुठं खिळा सैल झालाय का. ते बघून झाल्याशिवाय विमान हलत नाही."

"मग ह्ये आदी का न्हाई सांगितलंस?"

"सांगत होते. तुम्ही त्यांच्या पायाचं विचारलंत."

तात्यांना आता राग राहिला नव्हता, नुसती उत्सुकता होती. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर त्यांनी थोडा विचार केला. "आन सखा, गोळी पत्र्याला न लागता मानसाला लागली तर?"

"त्येला इमान कशाला पायजे?" आबा म्हणाले आणि धोतर सावरून आपली पोटरी त्यांच्यापुढं केली. "मला जमिनीवर उबं असताना लागली."

पुढं नोकरीत आणि प्रवासात मी याविषयी बरंच वाचलं, जाणत्यांना विचारलंही. त्या पेशंटचं बरोबर होतं, आबांचंही. गोळीएवढ्या भोकातून माणसं काय, ओढणीसुद्धा नीट जायची नाही. मोठी खिडकी किंवा दार गेलं तर गोष्ट वेगळी. आणि खरी भीती जुन्या, कुणी न पाहिलेल्या चिरेची. म्हणून तर पत्र्याच्या आतून बरगड्या घालतात, चीर पळाली तरी बरगडीशी थांबावी. आमच्या बांधाच्या पोटात दगड होते तसंच. माझी नात हल्ली विमानात बसली की आधी पट्टा लावते, मग डोळे मिटते आणि थेट उतरतानाच उघडते. तिला हे सगळं सांगायला गेलं तर म्हणते, आजी, झोपू दे.

तो सगळा दिवस बांध घालण्यात गेला. या वेळी पोटात दगड रचले, वर माती, मातीवर गवताची ढेकळं. तात्या आणि त्यांच्या घरचे हाताखाली आले. वाहून गेलेली रोपं तात्यांच्या खाचरातून वेचून परत आणली, त्यात कुणाची कुठली हे कुणी पाहिलं नाही. फुटलेल्या बांधातून निघालेले खेकडे आईनं पदरात गोळा केले आणि संध्याकाळी त्यांचं कालवण केलं, वाटण घालून, झणझणीत. तात्यांना तिथंच पडवीत बसवून वाढलं. एरवी आमच्या घरी पाणी न पिणारे तात्या, त्या दिवशी इतके दमले होते आणि विमानाच्या विषयात इतके गुंतले होते, की दोन वेळा कालवण मागून घेतलं. नंतर गावात त्यावरून थोडी कुजबुज झाली. तात्या पुन्हाही आले.

तात्या गेल्यावर आबा उठून बांध बघायला गेले. जेवताना ते एक शब्द बोलले नव्हते. मला वाटलं, दमले असतील. मी आईला म्हणाले, आता तरी त्यांची खात्री पटली ना? मग गप्प का?

आई परात घासत होती. "खात्री पटली म्हून," ती म्हणाली. "इतकं दिस त्यांच्याजवळ सांगायला कायतरी व्हतं. भोक पडंल, हवा जाईल. आता इमानात खोट न्हाई म्हनल्यावर कशानं थांबवत्यात तुला?" राखेचा हात तिनं पुन्हा परातीवरून फिरवला. "न्हाई म्हनायचं न्हवतंच त्यांना. नुसतं जरा लांबवायचं व्हतं."

मी पडवीत येऊन उभी राहिले. खाचराच्या बांधावर आबा इरलं न घेताच उभे होते. मला त्यांचा इतके दिवस आलेला राग आठवला आणि मला रडू आलं. वाईटही वाटत होतं आणि आनंदही होत होता. आपल्याला इतकं कुणी धरून ठेवू बघतं, याचा आनंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी स्वतःच माझी लोखंडी पेटी माळ्यावरून काढली, पुसली, आणि तिच्या कडीला तेल घातलं. फक्त एक अट घातली. विमानाचा बांध बघणारा माणूस त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघायचा होता.

म्हणून आई गावातच एसटीपाशी थांबली आणि आबा अन् मामा माझ्याबरोबर मुंबईला आले. सांताक्रूझला तेव्हा पोचवायला आलेल्या लोकांना वरच्या सज्जात जाऊन विमानं बघता यायची. आम्ही खूप आधी पोचलो होतो. सज्जात गर्दी होती. मामा लगेच शेजारच्या अनोळखी लोकांना दाब आणि झडप समजावून सांगायला लागला. त्यात त्याचं चुकत काही नव्हतं, फक्त तो ते सगळं आपणच शोधून काढल्यासारखं सांगत होता.

खाली एक पांढरं विमान उभं होतं. ते माझंच होतं की नाही, कोण जाणे. थोड्या वेळानं खाकी कपड्यातला एक माणूस आला आणि विमानाभोवती चालायला लागला. घाई नव्हती त्याला. पंखाखाली थांबला, मान वर करून पाहिलं, पुढं गेला. पोटाखाली वाकला. एका जागी हात लावला, बोट फिरवलं, पुन्हा मागं येऊन तीच जागा पाहिली.

आबा कठडा धरून उभे होते. "वाकला बग," ते हळू आवाजात म्हणाले. "हात लावून बगतोय. मागं फिरला. तीच जागा पुना बगतोय." तो माणूस विमानाला पूर्ण फेरी घालून दिसेनासा होईपर्यंत ते बोलत राहिले. मग म्हणाले, "चांगला मानूस हाय."

मला आत बोलावण्याची वेळ झाली. पेटी आधीच दिली होती, हातात नुसती पिशवी होती, तीही आबांनी मला घेऊ दिली नव्हती. आम्ही खाली आलो. ज्या दारापासून पुढं फक्त तिकीटवाल्यांना सोडत होते, तिथं आबा थांबले. मी वाकून त्यांच्या पाया पडले.

"आता भ्या न्हाई वाटत, हौशे," आबा म्हणाले. "आता नुसतं वाईट वाटतंय."

"मलाही," मी म्हणाले. 

मी पिशवीसाठी हात पुढं केला. त्यांनी ती माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. दारावरच्या शिपायानं एकदा आमच्याकडं पाहिलं आणि मग दुसरीकडं बघत उभा राहिला. आम्ही दोघं ती पिशवी धरून थोडा वेळ तसेच थांबलो.